तीस सेकंदांचा सिनेमा

एसटीच्या गाडीत, बँकेच्या रांगेत किंवा लग्नाच्या मांडवात अचानक गब्बरसिंग बोलू लागतो. चार माना वळतात, दोन-तीन हात खिशांकडे जातात, एखादी बाई पिशवीत चाचपू लागते. मग ज्याचा फोन असतो तो थोडा ओशाळून, थोडा ऐटीत 'हॅलो' म्हणतो आणि गब्बर वाक्य अर्धे टाकून गप्प होतो. पडद्यावर ज्याला आवरायला दोन बहाद्दर, हात गमावलेला एक ठाकूर आणि तीन तासांहून अधिक वेळ लागला, त्याला इथे एक अंगठा पुरतो.

हे इतके सवयीचे झाले आहे की त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण विचार करून पाहा. भल्यामोठ्या सिनेमातून वीस-तीस सेकंदांचा आवाज कापायचा, तो खिशात बाळगायचा, आणि आपल्याला कुणी तरी बोलावते आहे ही वर्दी त्याच्या तोंडून घ्यायची, ही तशी गमतीचीच गोष्ट आहे. हा तुकडा तयार कसा होतो, कोणता तुकडा टिकतो आणि तो मुळात कुणाचा असतो, अशा तीन प्रश्नांविषयी आज बोलू या. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण त्याच्याकडे जायची वाट पहिल्या दोन प्रश्नांच्या अंगणातून जाते.

सिनेमातला आवाज सिनेमापासून वेगळा काढून ऐकण्याची हौस मोबाईलच्या आधीची आहे. गाण्यांच्या तबकड्या तर होत्याच. पण 'शोले' १९७५ मध्ये आला आणि त्याच्या संवादांचीही तबकडी पॉलिडोर कंपनीने काढली. गणपतीच्या मांडवातून, हॉटेलांतून, लाउडस्पीकरवरून ती वाजली. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता त्यांनाही संवाद पाठ झाले. डोळ्यांवाचूनही सिनेमा पाहता येतो, हे तेव्हा खेडोपाडी कळले. आज फोनमध्ये वाजणारा गब्बर त्या तबकडीचाच नातू म्हणायला हवा.

फोन मात्र उशिरा आला. भारतातला मोबाईलवरचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर कित्येक वर्षे आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. 'पोचलास की मिस्ड कॉल दे' हे वाक्य एका पिढीच्या तोंडी बसले ते त्यामुळे. वाजणे हाच तेव्हा निरोप होता. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले, तरी मिस्ड कॉलची सवय पुढे बरीच वर्षे टिकली.

सरकारी मराठीत ज्याला भ्रमणध्वनी म्हणतात, त्या यंत्राचा स्वतःचा ध्वनी तेव्हा फारच गरीब होता. एका वेळी एकच सूर निघे. नोकियाची ती प्रसिद्ध धून आठवत असेल. कंपनीने १९९४ पासून ती फोनमध्ये घातली. पण धून तिची नव्हती. स्पेनचे गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ च्या 'ग्रान वाल्स' या रचनेतला तो एक छोटा तुकडा. म्हणजे मोबाईलची सर्वांत ओळखीची धूनही मुळात कापलेलीच होती. पुढे काही फोनांत बटणे दाबून एकेक स्वर भरता येऊ लागला. हिंदी गाण्याचे मुखडे कागदावर आकड्यांनी लिहून मित्रामित्रांत फिरत. मग अनेक सूर एकत्र वाजवणारे 'पॉलिफोनिक' फोन आले. तरी तो आवाज पेटीवर गाणे वाजवावे तसा होता. त्यात माणूस नव्हता.

माणूस आला तो एमपी३ बरोबर. फोन खरे ध्वनिमुद्रण वाजवू लागला आणि गाण्याबरोबर संवाद, हसणे, खोकणे, घोड्यांच्या टापा असे सगळेच त्यात शिरले. चार आकडी क्रमांकावर एसएमएस पाठवला की रिंगटोन येई आणि खात्यातले पैसे कमी होत. ते परवडत नसे तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाई. तिथे पोरगा विचारी, "कार्ड भरून देऊ?" वीस-पन्नास रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी आणि संवादांनी काठोकाठ भरे. त्या पैशांतला एक रुपयाही ते गाणे लिहिणाऱ्याकडे जात नव्हता, हे ना दुकानदाराच्या मनात येई ना गिऱ्हाइकाच्या.

आता हा तुकडा तयार कसा होतो ते पाहू. आवाज म्हणजे हवेतले कंप. संगणक ते कंप सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजमापाचा एक आकडा लिहून ठेवतो. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते, सिनेमाच्या ध्वनीसाठी साधारणपणे ४८,००० वेळा. सीडीच्या दर्जाचा ३० सेकंदांचा स्टीरिओ तुकडा साठवायला सुमारे ५३ लाख बाइट लागतात. तोच एमपी३ करून नेहमीच्या १२८ किलोबिटच्या दराने साठवला, तर ४ लाख ८० हजार बाइटांत मावतो. म्हणजे अकराव्या हिश्श्यात. ही काटकसर होते ती आपल्या कानाच्या स्वभावामुळे. मोठ्या आवाजाच्या सावलीत बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. ढोल वाजत असताना बांगड्यांची किणकिण कुणाला ऐकू येणार? जे ऐकूच येणार नाही ते एमपी३ ढोबळपणे साठवते किंवा सरळ टाकून देते.

कापायचे काम आता फोनवरच होते. संगणकावर करायचे असेल, तर ऑडॅसिटीसारखी मोफत प्रणाली आहे. त्यात आवाज उघडला की पडद्यावर डोंगररांगेसारखी आकृती दिसते. शिखर दिसते तिथे आवाज मोठा, सपाटी दिसते तिथे शांतता. संवाद सुरू होण्याआधी बोलणारा श्वास घेतो. तोही त्या आकृतीत बारीक गवतासारखा दिसतो. कापायचे ते त्या श्वासाच्या जरा आधी. श्वास कापला तर वाक्य गळा धरल्यासारखे सुरू होते. दुसरे असे की, आकृती जिथे मधल्या आडव्या रेषेला छेदते तिथेच कात्री लावावी. ऐन शिखरावर कापले, तर सुरुवातीला 'टक्' असा खडा लागतो. शेवटी एक-दोन सेकंदांत आवाज हळूहळू उतरवत न्यावा. मग एकूण पातळी सारखी करायची, फाइल फोनच्या 'रिंगटोन्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि सेटिंगमध्ये जाऊन ती निवडायची. आयफोनवर हे काम बराच काळ आडवळणाचे होते. गॅरेजबँडसारख्या ॲपमधून फेरा मारून जावे लागे.

लांबी किती ठेवायची? मोबाईल किती वेळ वाजावा याचाही आपल्याकडे नियम आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१९ मध्ये तो ठरवला. उचलला नाही तर मोबाईल ३० सेकंद वाजेल आणि घरातला तारेचा फोन ६० सेकंद. तेव्हा ३० सेकंदांहून लांब तुकडा कापण्यात अर्थ नाही.

आणखी एक अडचण फोनच्या इवल्या स्पीकरची. पुरुषाच्या भरदार आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. एवढा खालचा सूर हा स्पीकर नीट काढूच शकत नाही. तरीही अमिताभ बच्चन यांचा आवाज फोनमधून खर्जातलाच वाटतो, तो कसा? माणसाच्या आवाजात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूरही असतात. स्पीकर ते वरचे सूर पोचवतो आणि त्यांच्यामधल्या अंतरावरून आपला मेंदू न वाजलेला मूळ सूर मनातल्या मनात भरून काढतो. अर्धा आवाज फोन काढतो, अर्धा आपण. नुसते ढोल-ताशे किंवा दणदणीत बेस असलेला तुकडा फोनवर फुसका लागतो आणि माणसाचा आवाज, बासरी, माउथ ऑर्गन हे चटकन ओळखू येतात, त्याचे कारण हेच. सिनेमाची आधुनिक प्रत ५.१ पद्धतीची असेल, तर संवाद बहुधा मधल्या वाहिनीत असतात आणि पार्श्वसंगीत बाजूच्या वाहिन्यांत. जाणकार मंडळी फक्त मधली वाहिनी उचलतात आणि संवाद स्वच्छ मिळवतात.

इथवर यंत्र झाले. आता दुसरा प्रश्न. हजारो संवादांतून रिंगटोन म्हणून टिकतात ते थोडेच. का?

मी कवितेचा माणूस असल्यामुळे मला इथे गझल आठवते. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. तो गझलेतून उचलून कुठेही ठेवा, आपल्या पायांवर उभा राहतो. मागचे-पुढचे काही सांगावे लागत नाही. टिकणाऱ्या संवादाचेही तसेच आहे. ज्याला कथेचा आधार लागतो तो संवाद सिनेमात कितीही प्रभावी असला, तरी खिशात गेल्यावर मरगळतो. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. त्यातली धनंजय माने यांच्या राहत्या घराची चौकशी आज ज्या पोरांच्या फोनमध्ये वाजते, त्यांतल्या कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. वसंत सबनीसांनी लिहिलेल्या त्या साध्या प्रश्नात काय आहे? कुणीतरी दारात उभे आहे आणि एक माणूस घरात आहे की नाही हे विचारते आहे. फोनची घंटाही नेमके हेच तर विचारत असते! ते वाक्य रिंगटोन होण्यासाठीच जणू जन्माला आले.

पण शेरात आणि रिंगटोनमध्ये एक फरक आहे, आणि तो कापणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवा. शेरात वरची ओळ उत्सुकता ताणते आणि खालची ओळ घाव घालते. मुशायऱ्यात दाद मिळते ती खालच्या ओळीला. रिंगटोनची खालची ओळ कुणाच्या कानी पडतच नाही. तेवढ्यात फोन उचललेला असतो. म्हणून जो संवाद शेवटच्या शब्दावर पेटतो, तो रिंगटोनला निरुपयोगी. पहिल्या तीन सेकंदांत ओळख पटली पाहिजे. अनुभवी कापणारे त्यामुळे कित्येकदा वाक्याची सुरुवात सोडून देतात आणि सरळ घावापासून सुरू करतात.

तुकडा सिनेमातून सुटला की त्याचा अर्थही सुटतो, हेही विसरू नये. पडद्यावर गब्बर क्रूर आहे. त्याच्या बोलण्यानंतर माणसे मरतात. फोनमध्ये तोच विनोदी होतो. वीस सेकंदांत भीती उतरते आणि फक्त लय उरते. हे एरवी चालून जाते. पण मशिदीत नमाज उभी असताना, कीर्तनात बुवांनी आवाज खाली आणलेला असताना किंवा मयताच्या घरी सगळे गप्प बसलेले असताना तोच तुकडा वाजला, की हसू येण्याऐवजी अंगावर काटा येतो. आवाज तोच असतो, जागा बदललेली असते. कविता निवडताना श्रोता पाहावा लागतो. रिंगटोनला श्रोते निवडता येत नाहीत. सिनेमा पाहायला माणूस तिकीट काढून जातो. रिंगटोन शेजारच्या माणसाला विनातिकीट आणि विनासंमती ऐकावी लागते.

असे असले तरी रिंगटोन ही निव्वळ चैन आहे असे मला म्हणवत नाही. त्याला कारण माझी खाला. तिला अक्षरओळख नव्हती. मुले कामासाठी गावोगावी पांगली, तेव्हा घरात मोबाईल आला. पडद्यावर नाव उमटे. पण तिला त्याचा काय उपयोग? मग तिच्या नातवाने युक्ती काढली. प्रत्येकाच्या नंबराला त्याने सिनेमाचा वेगळा तुकडा लावून दिला. थोरला मुलगा फोनवर नुसते हुकूम सोडतो, म्हणून त्याला 'मुगल-ए-आझम'मधला पृथ्वीराज कपूर यांचा अकबर. गॅसवाल्याला 'झपाटलेला'मधला तात्या विंचू. आणि सर्वांत धाकट्या, सासरी गेलेल्या मुलीला 'शोले'मधला रात्रीचा माउथ ऑर्गन. जय ओसरीत बसून वाजवतो आणि समोर वाड्यात राधा एकेक दिवा मालवत जाते, तो प्रसंग.

अकबर गरजला की खाला चुलीपासून न उठता म्हणे, "बादशहाला सांग, रोट्या भाजतेय. मग कर म्हणावं." माउथ ऑर्गन वाजला की मात्र हातातले पीठ तसेच ठेवून उठे, पदर सारखा करी आणि फोन घेऊन मागच्या दारी जाऊन बसे. शेवटी शेवटी तिला नजरेनेही दगा दिला. तेव्हाही कुणाचा फोन आहे हे तिला दुसऱ्याला विचारावे लागले नाही. आपण ज्याला मौज म्हणतो, ती तिची लिपी होती. दृष्टिहीन माणसे प्रत्येकाला वेगळी रिंगटोन लावून फोन ओळखतात, ते याच रीतीने. अक्षरे ज्याच्यापर्यंत पोचत नाहीत त्याच्यापर्यंत नाव पोचवण्याचे काम हा कापलेला तुकडा करतो.

खाला त्या माउथ ऑर्गनला 'अमिताभ वाजवतोय' म्हणायची. तिचे काय चुकले? आपण सगळे तेच समजतो. पडद्यावर तोच दिसतो. प्रत्यक्षात तो माउथ ऑर्गन वाजवला होता भानू गुप्ता यांनी. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले ते गिटारवादक. माउथ ऑर्गनवरही त्यांचा तितकाच हात होता. २०१८ मध्ये ते गेले. त्या काळी सिनेमाच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे येण्याची पद्धत जवळजवळ नव्हतीच. वादकाने यायचे, वाजवायचे, ठरलेले पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओची गाडी पकडायची. माझ्या खालाला तिच्या मुलीचे नाव ज्या सुराने सांगितले, तो सूर कुणाचा हे तिला कुणी सांगितलेच नाही.

इथे आपण तिसऱ्या प्रश्नाशी येतो. कापलेला तुकडा कुणाचा?

कायद्याने याचे उत्तर बराच काळ एका शब्दात दिले : निर्मात्याचा. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकात आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे पडले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणी गायली नाहीत, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे संगीतकार-गीतकारांच्या संस्थेचा आणि चित्रपट निर्मात्यांचा खटला आला. वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच, असा निकाल लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला जोड देऊन, गायकाला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही याकडे लक्ष वेधले. कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क कायद्यात आला तो १९९४ मध्ये.

तोवर रिंगटोनचा जमाना दारात आला होता. सिनेमागृहाबाहेर, कॅसेटबाहेर, रेडिओबाहेर गाणे आणि संवाद विकण्याची नवी पेठ उघडली. करार करताना ही पेठ कुणाच्या स्वप्नातही नव्हती. 'पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांतील सर्व हक्क' अशा एका ओळीवर सही घेतली की लेखकाचे काम संपले, अशी रीत पडली. या रीतीविरुद्ध गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर जोर लावला आणि २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमागृहातला खेळ सोडून इतर कोणत्याही मार्गाने गाण्याचा वा लेखनाचा वापर झाला, तर लेखक आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळेल, आणि तो हक्क करारानेही त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही, असे तिने ठरवले. व्यापारी वापरात गायकांसारख्या कलावंतांनाही वाटा मिळाला. १९७७ ते २०१२ म्हणजे ३५ वर्षे. कायद्याची रिंगटोन फार सावकाश वाजते.

मग आपण घरी कापतो त्या तुकड्याचे काय? आपला कायदा खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात घेतलेल्या अंशाला मुभा देतो. रीतसर मिळवलेल्या प्रतीतून वीस सेकंद कापून स्वतःच्या फोनला लावणे हे त्या मुभेत बसते, असे समजायला हरकत नसावी. तो तुकडा विकणे, जाहिरातीला जोडणे किंवा हजारोंसाठी साठवून त्यावर पैसे मिळवणे ही मात्र दुसरी गोष्ट. तिथे परवानगी हवी. जुना सिनेमा म्हणजे सर्वांचा सिनेमा, असेही नसते. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे चालतो, तर गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. त्यामुळे सिनेमा मोकळा झाला तरी त्यातले गाणे बांधलेलेच असू शकते.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला आहे. आपल्या मराठी रस्त्यावरचे दोन शब्द दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन आले : 'झकास' आणि 'भिडू'. अनिल कपूर यांनी आपल्या नावाचा, चेहऱ्याचा, आवाजाचा आणि आपल्या ढंगातल्या 'झकास'चा धंद्यासाठी परस्पर होणारा वापर थांबवावा अशी मागणी केली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ती मान्य केली. त्या आदेशात रिंगटोनचाही उल्लेख आहे. 'भिडू'वाले जॅकी श्रॉफ २०२४ मध्ये तिथेच गेले. शब्द अर्थातच सर्वांचे आहेत; तुम्ही-आम्ही झकास म्हणायला मोकळे आहोत. वाद आहे तो त्या शब्दाला मिळालेल्या एका गळ्याचा.

गळ्याचा प्रश्न आता गंभीर झाला आहे. कारण कात्रीची गरजच संपत चालली आहे. एखाद्याच्या आवाजाचे थोडे नमुने संगणकाला दिले, की तो त्या आवाजात न बोललेले वाक्य बोलतो, न गायलेले गाणे गातो. अरिजित सिंग यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले.

कापणे आणि बनवणे यांतला फरक इथे नीट समजून घ्यायला हवा. मी गब्बरचे वाक्य कापतो, तेव्हा ते वाक्य सलीम-जावेद यांनी कधीतरी लिहिलेले असते, अमजद खान यांनी मायक्रोफोनसमोर उभे राहून ते उच्चारलेले असते. अमजद खान १९९२ मध्ये गेले. भारतात मोबाईल आला १९९५ मध्ये. आपला आवाज एसटीतल्या अनोळखी माणसाच्या खिशातून निघेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. पण बोलले ते तेच होते. तुकडा लहान असला तरी खरा आहे. उद्या त्यांच्याच आवाजात माझ्या नावाने हाक मारणारी रिंगटोन कुणी बनवून दिली, तर ती ऐकायला गंमत वाटेल. पण त्या हाकेमागे कुणीच उभे नसेल. न बोलता बोलायला लावलेला माणूस नकारही देऊ शकत नाही, आणि जो या जगातच नाही तो कोर्टाची पायरीही चढू शकत नाही.

आता पुष्कळांचे फोन थरथरतात, वाजत नाहीत. नको असलेल्या फोनांचा त्रास इतका वाढला, की लोकांनी घंटाच बंद केली. विकतच्या रिंगटोनची पेठही जवळजवळ ओस पडली. तरी कापण्याची हौस गेली नाही. तेच तुकडे आता व्हॉट्सॲपवर आणि छोट्या चित्रफितींखाली फिरतात. तेव्हा या जुन्या हौसेबरोबर एक नवी सवय लावून घ्यावी, असे मी सुचवीन. एमपी३ फाइलला माहितीचे काही रकाने असतात : शीर्षक, कलाकार, संगीतकार, वर्ष. तुकडा कापून साठवताना हे रकाने समोर येतात आणि आपण ते कोरे सोडून पुढे जातो. कोरे सोडू नका. संवाद असेल तर कुणी लिहिला, कुणी म्हटला. सूर असेल तर कुणी बांधला आणि ठाऊक असल्यास कुणी वाजवला, हे भरा. ठाऊक नसेल तर शोधा. ज्याने वाजवले त्याला यातून पैसे मिळणार नाहीत, हे मलाही कळते. पण कार्ड भरून देणाऱ्या दुकानापासून आजच्या आवाज बनवणाऱ्या यंत्रापर्यंत सगळा घोळ त्या कोऱ्या रकान्यापासूनच सुरू होतो. नाव पुसलेला आवाज कुणीही उचलतो.

गब्बर बोलू लागला की फोन कुणाचा ते आपल्याला कळते. गब्बर कुणाचा, एवढे त्या रकान्यात लिहून ठेवायला एक मिनिट पुरते.